फ्रिज आडवा का करू नये?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शिक्षकांच्या घरी बदल्यांची चर्चा सुरू होते. उमरखेडहून वणीला जायचे म्हणजे जवळजवळ सारा यवतमाळ जिल्हा ओलांडायचा. टेम्पोत कपाट चढते, पलंग चढतो आणि उरलेल्या जागेत फ्रिज आडवा टाकला जातो. 'फ्रिज उभाच न्या, नेल्यावर लगेच चालू करू नका' हा सल्ला सर्वांनी ऐकलेला असतो. पण तो आला कोठून? त्यासाठी शंभरएक वर्षे मागे जावे लागते.

द्रवाचे बाष्प होताना भोवतालची उष्णता शोषली जाते. आपला माठ याच तत्त्वावर पाणी गार करतो. माठातले बाष्प हवेत निघून जाते. फ्रिजमध्ये ते दाबून पुन्हा द्रव करतात आणि पुन्हा वापरतात. अशा यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये 1834 साली घेतले. त्या सुमारास मुंबई-कलकत्त्यात श्रीमंतांच्या पेल्यात पडणारा बर्फ अमेरिकेतून जहाजाने येत असे!

हे यंत्र घरात शिरले ते विसाव्या शतकात, आणि विष घेऊनच. सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड, अमोनिया हे त्यातले वायू. मोटर बाहेर, काँप्रेसर वेगळा. मोटरने फिरणारा दांडा काँप्रेसरमध्ये जेथे शिरे तेथील बंदिस्ती झिजली की वायू घरात पसरे. बर्लिनमधील एक कुटुंब अशा गळतीने दगावल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलता भागच नसलेला फ्रिज शोधायचे मनावर घेतले. त्यांना 1930 साली अमेरिकन पेटंटही मिळाले. फ्रिज बाजारात आला नाही, ही गोष्ट वेगळी.

बाजार जिंकला तो साध्या युक्तीने. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1927 मध्ये आणलेल्या फ्रिजमध्ये मोटर आणि काँप्रेसर दोन्ही एकाच हवाबंद पोलादी डब्यात होते. दांडा बाहेर येतच नाही, मग गळणार कोठून? पण बंद डब्यात शिलाई मशीनसारखे वरून तेल घालता येत नाही. म्हणून जन्मभर पुरेल इतके तेल डब्याच्या तळाशीच ठेवावे लागले. आपल्या सल्ल्याचे मूळ या तेलात आहे.

फ्रिज आडवा केला की हे तेल तळ सोडून नळ्यांत शिरते. तसेच चालू केले तर ते सिलिंडरमध्ये ओढले जाऊ शकते. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही; झडपाच तुटतात. किंवा तेल मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या केशनलिकेत अडकते. आत काँप्रेसर स्प्रिंगांवर टांगलेला असतो, तोही खड्ड्यांच्या रस्त्यावर निखळू शकतो. म्हणून आडवा नेलाच असेल, तर निदान तितकाच वेळ, शक्य तर दिवसभर, तो उभा ठेवावा. उभा आणला तरी दोन-तीन तास थांबावे. (मे महिन्यातल्या उकाड्यात तेल पातळ असते, लवकर उतरते, एवढा एक फायदा.)

नव्या घरी फ्रिज नुसता गुणगुणतो, 'टक्' आवाज होऊन बंद पडतो. 'गॅस गेला' असा निकाल लगेच दिला जातो. हा निकाल मला बहुतेक वेळा घाईचा वाटतो. गॅस गेला असेल तर काँप्रेसर सुरू होतो, थांबत नाही, पण थंडावा येत नाही. गुणगुणून बंद पडणे हे बहुधा कमी दाबाच्या विजेचे किंवा बिघडलेल्या रिलेचे लक्षण. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: 230 ऐवजी 160 व्होल्ट आले तर तो निम्म्याखाली जातो. वर्गात हे गणित करून पाहावे. वीज जाऊन लगेच आली तरी असेच होते, कारण नळ्यांतला दाब समान व्हायला चार-पाच मिनिटे लागतात. भिंतीला चिकटवलेला फ्रिज थंड होत नसेल, तर आधी त्याला पुढे ओढा. उष्ण प्रदेशासाठीचे फ्रिजसुद्धा 43 अंशांपर्यंतच्या हवेसाठी आखलेले असतात, आणि यवतमाळचा उन्हाळा तेथे थांबत नाही.

गॅस भरणे ही किरकोळ बाब नाही, त्यालाही इतिहास आहे. टॉमस मिजली यांनी 1930 मध्ये नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली: विषारी नाही, ज्वलनशीलही नाही. हाच क्लोरोफ्लुओरोकार्बन. गोदरेजने 1958 मध्ये भारतीय बनावटीचा फ्रिज आणला तेव्हा जगभर याच वायूंचे राज्य होते. हे वायू ओझोनचा थर नष्ट करतील हे मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये दाखवले, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला आणि पर्याय शोधावे लागले. आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. मात्रा काही दशक ग्रॅम, पण हवेच्या दुप्पट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. काँप्रेसरवर 'आर-600ए' अशी खूण असेल, तर मेकॅनिकने नळी जोडायला ज्योत पेटवण्याआधी तो वायू मोकळ्या हवेत सोडला आहे ना, खिडक्या-दारे उघडी आहेत ना, हे आपणच उभे राहून पाहावे.