कोल्हापूर, पुरंदर आणि ‘आएक’

‘एईके अथेन्स’ या फुटबॉल क्लबाच्या नावातला ‘ए’ अथेन्सचा, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. तो आहे ‘आथ्लितिकी’चा. पूर्ण नाव ‘आथ्लितिकी एनोसिस कॉन्स्तान्दिनुपोलेओस’, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा क्रीडासंघ. ग्रीक लोक नुसतं ‘आएक’ म्हणतात.

1922 साली ग्रीस तुर्कांशी युद्ध हरला आणि आशिया मायनर आणि कॉन्स्टँटिनोपलमधून ग्रीकांचे लोंढे आले. त्यांतल्या कॉन्स्टँटिनोपलकरांनी 1924मध्ये अथेन्समध्ये हा क्लब काढला. रंग पिवळा-काळा, छातीवर बायझंटाईन दुतोंडी गरुड. बाकी हिशोब थोडक्यात: पहिलं लीग विजेतेपद 1939चं, 1977मध्ये यूएफा कपच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल, 2013मध्ये घसरण, आणि 2018मध्ये पुन्हा अजिंक्यपद.

मला पछाडलंय ते शेवटच्या ‘पोलेओस’नं. मूळ शब्द ‘पोलिस’, आणि तो आपल्या ‘कोल्हापूर’मधल्या ‘पूर’चा सख्खा भाऊ. ग्रीकात ‘ल’, संस्कृतात ‘र’. र-लचा अभेद आपल्या वैयाकरणांनाही ठाऊक होता. कुणी म्हणेल, ‘पूर’ दक्षिणेकडच्या ‘ऊर’वरून आलं असेल. मला पटत नाही. ऋग्वेदातलं ‘पुर्’ म्हणजे तटबंदीची जागा. लिथुआनियन भाषेत ‘पिलिस’ म्हणजे किल्ला. खुद्द अथेन्सचे लोक आपल्या वरच्या गडाला, अक्रोपोलिसला, नुसतं ‘पोलिस’ म्हणत, असं थुसिडिडीस लिहितो. म्हणजे आधी गड, मग गाव! इंद्र ‘पुरंदर’ झाला तो पुरं फोडून, आणि सासवडजवळच्या आपल्या गडाचं नावही तेच. होमरकडे ‘प्तोलिस’ असंही रूप सापडतं आणि त्यातला ‘त’ संस्कृतात नाही, हा खडा दाताखाली येतो खरा. ग्रीकांनीच तो कुठूनतरी चिकटवला असणार, असं म्हणून मी पुढे जातो.

कॉन्स्टँटिनोपलला ग्रीक माणूस आजही ‘इ पोली’ म्हणतो. आपण ‘शहरात जाऊन येतो’ म्हणतो तसं, फक्त त्याच्या लेखी शहर एकच. ‘शहराकडे’ म्हणजे ‘इस तिन पोली’. त्यातूनच ‘इस्तंबूल’ आलं, हे माझं लाडकं मत. प्रतिपक्ष दोन. एक म्हणतो, ‘इस्लामबोल’चं ते रूप. पण मसूदी हा अरब लेखक दहाव्या शतकातच सांगतो की ग्रीक लोक या नगराला ‘बुलिन’ आणि ‘इस्तानबुलिन’ म्हणतात. तुर्कांनी ते जिंकलं 1453मध्ये. तेव्हा हा पक्ष बाद. दुसरा म्हणतो, ‘कॉन्स्टँटिनोपल’चाच झिजून ‘स्तानपोल’ झाला. हा गडी चिवट आहे, कारण ‘तिन’चं ‘तान’ कसं झालं हे माझ्या बाजूला नीट सांगता येत नाही. तरी मसूदीनं सुटा ‘बुलिन’ नोंदवलाय, तेव्हा लोकांच्या तोंडी नुसतं ‘पोली’ होतं हे नक्की. बोलीभाषेत स्वर बदलायला कितीसा वेळ लागतो?

सलोनिकातल्या ‘पाओक’ (1926) या क्लबाच्या नावातलं शेवटचं अक्षरही कॉन्स्टँटिनोपलचंच. त्यांच्या गरुडाचे पंख मिटलेले आहेत; सुतकात म्हणून, असं सांगतात. ‘आएक’चा गरुड पंख पसरून.

1930मध्ये तुर्कस्ताननं जगाला ‘इस्तंबूल’च लिहायला लावलं. ‘आएक’चं बारसं त्याआधी सहा वर्षं झालेलं, त्यामुळे जुनं नाव तिथे टिकलं. पण गंमत पाहा. आद्याक्षरांत उरलेला ‘क’ सम्राट कॉन्स्टंटाईनचा, ‘पूर’ गळालं. तुर्कांनी सम्राट गाळला आणि ‘बूल’च्या रूपानं पूर ठेवलं. क्लबाचं 2022मध्ये उघडलेलं स्टेडियम आहे ‘नेआ फिलाडेल्फिया’त. हे निर्वासितांनी वसवलेलं उपनगर, नाव आशिया मायनरमधल्या फिलाडेल्फियाचं. स्टेडियमला चाहते म्हणतात ‘आया सोफिया’.