अंगणातील अंकगणित

लहान मूल गणित कोठे शिकते, असे कोणी विचारले तर आपण सारे शाळेकडे बोट दाखवू. इतिहासाची साक्ष मात्र थोडी वेगळी आहे. गेल्या सव्वादोनशे वर्षांत बालवयातील गणिताच्या ज्या मोठ्या वाटा सापडल्या, त्यांतील बऱ्याचशा गरिबांच्या व अनाथांच्या मुलांच्या सहवासात सापडल्या. आणि त्या शोधणाऱ्यांना पुन्हा पुन्हा घराकडे, आईकडे आणि अंगणाकडे वळावे लागले. आज तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीत पेन्सिल देऊन त्याच्याकडून एक ते शंभर लिहून घेण्याची घाई आम्हांस घरभेटींच्या वेळी वारंवार दिसते. त्यामागे आईबापांचे प्रेमच असते, यात शंका नाही. तथापि या घाईपूर्वी हा इतिहास एकदा नजरेखालून घालावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आरंभ आपल्याच मातीतून करू. इंग्रजी अमदानीतील शाळा येण्यापूर्वी महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळा होत्या. मूल धूळपाटीवर काडीने अंक गिरवी आणि एका सुरात उजळणी म्हणे. पाढे केवळ बे आणि तीनचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे असत. संध्याकाळी दिवेलागणीला हिंदू घरांत परवचा होई आणि तीच उजळणी घरच्या वडीलधाऱ्यांसमोर पुन्हा म्हटली जाई. आपल्या ख्रिस्ती घरांत त्याच वेळी जपमाळ हाती घेतली जाई. तेथे गणित शिकविण्याचा हेतू मुळीच नव्हता. परंतु दहादहा मण्यांचे पाच गट बोटांखालून सरकविणाऱ्या बालकाला दहा म्हणजे केवढे, हे अक्षरओळख होण्याच्या आधीच हाताने कळत असे.

पावकी आणि दिडकी आज नामशेष का झाल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. सोळा आण्यांचा रुपया, चार पावशेरांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण अशी त्या काळची मापे होती. शेराला सहा आणे भाव असेल, तर पावशेराचे दाम पावकीने दीड आणा निघत आणि अडीच शेरांचे अडीचकीने पंधरा आणे. मूल जे सकाळी घोकी, ते दुपारी बाजारात कानांवर पडे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले आणि त्या पाढ्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. पाठांतराचा व्यवहाराशी सांधा असतो तोवरच ते जिवंत राहते, हा त्यातील बोध होय. पंतोजींच्या शाळेचे उदात्तीकरण करण्याची मात्र गरज नाही. तेथे छडी होती, अर्थ न समजता घोकणे होते, आणि असंख्य मुलामुलींना त्या शाळेचा उंबरठाही ओलांडता येत नव्हता.

युरोपातील शाळांतही त्या काळी घोकंपट्टीचेच राज्य होते. तिला मोठा धक्का दिला तो योहान हाइनरिख पेस्टालोझी (१७४६–१८२७) या स्विस शिक्षकाने. १७८१पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या कादंबरीत त्याने गर्ट्रूड नावाची एक गरीब आई रंगविली आहे. सूत कातता कातता ती मुलांना धागे मोजायला लावते, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची पावले मोजायला लावते, खिडकीच्या तावदानांवरून संख्यांची ओळख करून देते. पुढे ही कल्पना कसाला लागली. स्टान्स हे कॅथलिक गाव सप्टेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केले. तेथील निराधार मुलांसाठी धर्मभगिनींच्या मठाच्या एका भागात आश्रम उघडण्यात आला आणि तो पेस्टालोझीच्या हवाली झाला. तो प्रॉटेस्टंट आणि गाव कॅथलिक. तरीही काही महिने तो त्या मुलांचा बाप, आई आणि शिक्षक होऊन राहिला. जून १७९९ मध्ये लष्करी रुग्णालयासाठी जागा हवी म्हणून आश्रम बंद पडला. परंतु तेथील अनुभव १८०१च्या त्याच्या ग्रंथात उतरला, आणि त्या ग्रंथाच्या नावातही गर्ट्रूडच आहे. अंकांची चिन्हे दाखविण्यापूर्वी मुलाने बोटे, वाटाणे आणि खडे मोजावेत, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या शाळेत दोन वर्षे काढलेल्या फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि आठ लहान ठोकळ्यांत विभागलेला लाकडी घन मुलांच्या हाती दिला. अर्धा आणि पाव हे शब्द उच्चारण्यापूर्वी मूल ते हाताने वेगळे करू लागले.

त्यानंतरचे मोठे नाव मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांचे. त्या कॅथलिक होत्या आणि पेशाने डॉक्टर होत्या. मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसाठी त्यांनी प्रथम साधने तयार केली. पुढे रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आईवडील कामावर गेल्यावर मागे उरणाऱ्या मुलांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, तेथे त्यांचे पहिले बालगृह उघडले. ते त्याच चाळवजा इमारतीत होते. मुलाची शाळा त्याच्या घरातच यावी, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे १९०८च्या मेसिना येथील भूकंपात अनाथ झालेल्या मुलांना फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींनी रोममधील आपल्या मठात आश्रय दिला आणि तेथेही ही पद्धत रुजली.

माँटेसरीबाईंचे गणित समजावयास सोपे आहे. पाच सुटे खडे मोजताना मूल शेवटच्या खड्यावर बोट ठेवून ‘पाच’ म्हणते. त्याला वाटते की पाच हे त्या शेवटच्या खड्याचेच नाव आहे! म्हणून बाईंनी लाल-निळ्या पट्ट्यांचे दहा दांडे केले. पहिला दहा सेंटिमीटरचा आणि शेवटचा एक मीटरचा. पाचाचा दांडा उचलला की सबंध पाच एकदम हाती येतात. मग खरकागदाचे अंक बोटाने गिरवायचे. मग काड्यांची पेटी, तिच्यात शून्यापासून नवापर्यंत कप्पे, आणि शून्याचा कप्पा रिकामाच ठेवायचा. मग मणी: एक सुटा, दहांची एक सळी, शंभरांचा एक चौरस, हजारांचा एक घन. जपमाळेत वाढलेल्या कॅथलिक बालकाला दहा मण्यांची ती सळी अनोळखी वाटली नसती. या साऱ्याचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: संख्या आधी हाताला, मग जिभेला आणि अखेरीस कागदाला.

१९३९ मध्ये माँटेसरीबाई थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि १९४६पर्यंत त्या भारतातच राहिल्या. परंतु त्यांची पद्धत त्यांच्या आधीच आपल्याकडे पोहोचली होती. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले होते, आणि तेथे त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३). अडचण एकच होती. परदेशी पद्धतीची ती सुबक साधने महाग होती, आणि गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धत सुखवस्तू घरांपुरतीच उरण्याचा धोका होता.

या अडचणीवर उत्तर सापडले ते आपल्या वसईहून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर. १९४५ मध्ये ताराबाईंनी मुंबई सोडून बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२), बालपणीच वैधव्य आलेल्या आणि पुढे जिद्दीने शिकलेल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. तीच अंगणवाडी होय. साधने आली ती समुद्रावरून आणि रानातून: शंखशिंपले, खडे, बिया, पाने, काड्या. १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांत वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा आपला मराठी शब्द देशभर गेला. माँटेसरीबाईंचा मणी आणि ताराबाईंचा शिंपला यांत मोलाचा फरक पुष्कळ आहे. मुलाच्या बोटांना मात्र तो फरक जाणवत नाही.

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक उणा, हे तर मोठ्यांच्याही ध्यानात राहत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला ‘वीस पाच’ अशी वाचनाची सोपी रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण ध्यानी घेऊनच ती रीत सुचविली होती. आम्हांस वाटते, की या वादात दोन्ही बाजूंचे मोल आहे. ‘पंचवीस’ हा शब्द आपल्या भाषेचे धन आहे, ते टाकावयाचे नाही. परंतु त्या शब्दापूर्वी मुलाच्या हाती दहादहा काड्यांच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या आल्या, तर नाव कसेही उच्चारले तरी ते मूल गोंधळणार नाही.

अलीकडच्या संशोधनाची साक्षही याच बाजूची आहे. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्प उत्पन्नाच्या घरांतील शाळापूर्व वयाच्या मुलांना त्यांनी एक ते दहा अंकांच्या सरळ पटावर सोंगटी पुढे नेण्याचा खेळ दिला. पाव-पाव तासाच्या चार बैठका, एवढाच तो खेळ. मुलांची संख्यांची जाण स्पष्टपणे सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकली. अंकांऐवजी रंगांचा पट ज्या मुलांना दिला, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. येथेही गरिबांचीच मुले आणि येथेही हातात सोंगटी!

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि प्राथमिक गणित यावे, हे त्याचे ध्येय. ते एकट्या शाळेच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. बालवाडीतील शिक्षिकांना आमची विनंती अशी, की वहीची पाने भरण्याची घाई त्यांनी करू नये. आणि आईबापांनीही ‘आज किती लिहिले?’ असे विचारून त्यांना त्या घाईला लावू नये. ‘आज काय मोजलेस?’ असे मुलाला विचारावे.

घरात तर साधनांची वाण नाही. जेवणाच्या वेळी माणसागणिक एक ताट मांडणे, ही एकास एक जोडी लावण्याची पहिली कसोटी. केळीच्या फणीत केळी किती, दोन खाल्ली तर उरली किती? चिंचोके मोजावेत, लांब पसरावेत आणि पुन्हा विचारावे, ‘आता वाढले का?’ लहान मूल ‘हो’ म्हणेल. त्याला रागावू नये, पुन्हा मोजू द्यावे. एके दिवशी ते आपणहून हसून ‘तेवढेच!’ म्हणेल. जिन्याच्या पायऱ्या, गोट्या, सागरगोटे, सापशिडी ही सारी गणिताचीच पाने आहेत. हाताला संख्या कळली की मग पाढेही जरूर पाठ करवून घ्यावेत. ज्याला अर्थ कळला आहे, त्याच्यासाठी पाठांतर हे ओझे नसते, ती शिदोरी असते.

आणि एक गोष्ट विशेष करून सांगावीशी वाटते. पुष्कळ माता ‘आम्ही कोठे शिकलो आहोत?’ असे म्हणून मागे सरतात, आणि महागड्या शिकवणीसाठी पोटाला चिमटा घेतात. त्यांनी गर्ट्रूडकडे पाहावे. कोसबाडच्या अंगणाकडे पाहावे. बाजारात भाजीच्या जुड्या मोजून देणारी, मासळीचे वाटे लावणारी आपली आजी लिहू शकत नसेल, पण तिच्या बोटांत हिशेब आहे. तो नातवंडाच्या बोटांत उतरावा म्हणून दिवसाचा पाव तास तिच्याजवळ बसविणे, एवढे आपल्यापैकी कोणत्याही घराला जमण्याजोगे आहे.