जपानमधील परकीय न्यायाधिकाराचा अंत

इ. स. १८५८ च्या तहांनी जपानने योकोहामा, नागासाकी आदी बंदरे पाश्चात्त्य व्यापारास खुली केली आणि तेथील परकीयांवरील न्यायाधिकारही गमावला. आरोपी परकीय असल्यास त्याचा निवाडा त्याच्याच देशाचा वाणिज्यदूत करू लागला. हा अधिकार जपानने कायदेसुधारणेच्या बळावर परत मिळविला, असे सामान्यतः मानले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. मोबदल्यात काय द्यावयाचे व केव्हा द्यावयाचे, हा प्रश्नही तितकाच निर्णायक होता.

जपानपाशी देण्याजोगी मोठी गोष्ट म्हणजे देशाचा अंतर्भाग. बंदराभोवतीच्या सुमारे ४० किलोमीटरांच्या टापूपलीकडे परकीयांना परवान्यावाचून प्रवास करता येत नसे. तेथे वस्ती वा व्यापार करण्यासही मज्जाव होता. परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू याने १८८७ मध्ये हा अंतर्भाग खुला करण्याबरोबरच, परकीयांच्या खटल्यांसाठी बहुसंख्य परकीय न्यायाधीशांची न्यायालयेही मान्य केली. सरकारचा फ्रेंच विधिसल्लागार ब्वासोनाद यानेच या योजनेस विरोध केला. कारण तिच्यामुळे जपानी प्रजाजनही परकीय न्यायाधीशांपुढे उभे राहणार होते. १८८६ मध्ये नॉर्मंटन हे इंग्रजी जहाज बुडून त्यावरील सर्व जपानी प्रवासी मरण पावले, कप्तान मात्र वाचला व वाणिज्यदूताच्या चौकशीत प्रथम निर्दोष ठरला. त्यामुळे लोकमत आधीच प्रक्षुब्ध होते. इनोउए यास पद सोडावे लागले. पुढे ओकुमा शिगेनोबू याने परकीय न्यायाधीश केवळ सर्वोच्च न्यायालयापुरते स्वीकारले. तथापि १८८९ च्या नव्या राज्यघटनेशी हे विसंगत असल्याचा आक्षेप आला. त्याच वर्षी झालेल्या बाँबहल्ल्यात त्याने एक पाय गमावला आणि ती योजनाही बारगळली.

१६ जुलै १८९४ रोजी लंडनमध्ये झालेल्या आंग्ल-जपानी तहाने परकीय न्यायाधीशांऐवजी कालावधीचा मार्ग पत्करला. तह किमान पाच वर्षांनी अंमलात यावयाचा होता. तोवर वाणिज्यदूतांची न्यायालये चालू आणि अंतर्भाग बंद. देणे व घेणे एकाच दिवशी व्हावयाचे होते. दरम्यान १८९८ मध्ये नवी दिवाणी संहिता लागू झाली. १७ जुलै १८९९ रोजी इंग्लंडचा न्यायाधिकार संपुष्टात आला. इतर राष्ट्रांचाही त्याच उन्हाळ्यात संपला. जकातीची पूर्ण स्वायत्तता मात्र १९११ पर्यंत लांबली.

अर्थात, या यशावरून जपानने विशेषाधिकाराचे तत्त्वच नाकारले, असा निष्कर्ष काढता येत नाही. १८७६ मध्ये कोरियाकडून व १८९६ मध्ये चीनकडून त्याने हाच न्यायाधिकार स्वतःसाठी मिळविला होता. जपानचा लढा पंक्तिभेदाविरुद्ध नव्हता. वरच्या पंक्तीत स्थान मिळविण्यासाठी होता.