फ्रोबिशरचा काळा दगड

मागच्या व्याख्यानात आपण 'प्रमाण' या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न, पण समोर एक दगड ठेवून.

१५७६ साली मार्टिन फ्रोबिशर चीनकडे जाणारा वायव्येचा जलमार्ग शोधायला निघाला. मार्ग काही सापडला नाही. आजच्या कॅनडातल्या बॅफिन बेटाकडून एक काळा दगड मात्र लंडनला आला. मोहिमेला पैसा उभा करणाऱ्या मायकेल लॉकने तो टॉवरमधल्या पारख्याला दाखवला. तो म्हणाला, हा मार्कासाइट. त्या काळी या नावात आपले पायराइटही येई: लोह आणि गंधकाचे, पितळेसारखे चमकणारे, जगात जागोजाग सापडणारे खनिज. पुढच्या पारख्यांनाही सोने दिसले नाही. पण लॉक थांबला नाही बरं का! त्याने अन्येल्लो नावाच्या व्हेनिसच्या माणसाला गाठले आणि जानेवारी १५७७ मध्ये या गृहस्थाने चिमूटभर सोन्याची भुकटी पुढे केली. इतरांना जमले नाही ते तुम्हाला कसे? तर म्हणे, निसर्गाची खुशामत करता आली पाहिजे.

आता सोने ओळखणे एवढे अवघड आहे का? आपला सराफ कसोटीवर रेघ ओढतो. सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची हिरवट काळी. 'बावनकशी' हा शब्द त्या रेघेचाच. हातोडीखाली सोने पसरते, पायराइटचा चुरा होतो. सोने पाण्याच्या १९ पट जड, पायराइट पाचपट. पण हे सगळे धातू हातात असेल तर! खडकात कणाकणाने विखुरलेले सोने काढायचे तर दगड शिशाबरोबर वितळवावा लागतो आणि शिशातच मुळात थोडी चांदी, क्वचित सोन्याचा अंशही असतो. म्हणून आधी नुसते शिसे वितळवून काय उरते ते पाहायचे. आम्हांला ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण हवे ते उत्तर मिळाल्यावर ती कुणालाच नको असते.

राणी एलिझाबेथनेही पैसे घातले. १५७७ मध्ये सुमारे २०० टन दगड आला. त्याच फेरीत तिथला एक पुरुष, एक स्त्री आणि एक तान्हे मूल जबरदस्तीने आणले गेले. काही महिन्यांतच तिघेही दगावले. १५७८ मध्ये १५ जहाजे गेली, ११०० टनांहून अधिक दगड आला. डार्टफर्डला खास भट्ट्या बांधल्या होत्या. सोने निघाले नाही. लॉक कर्जापायी तुरुंगात गेला. दगड तिथल्या एका भिंतीत बसवले गेले.

तो मुख्यतः हॉर्नब्लेंडचा खडक होता, हे पुढे कळले. म्हणजे टॉवरच्या पारख्याचे नाव चुकले, किंमत चुकली नाही!

खऱ्या पायराइटला भाव आला तो १८३८ नंतर. नेपल्सच्या राजाने सिसिलीच्या गंधकाचा मक्ता एका फ्रेंच कंपनीला दिला, गंधक महागले आणि इंग्लंडातले आम्लाचे कारखानदार गंधकाऐवजी पायराइट भाजू लागले.