द्वीपांचे कल्याण आणि कर्तेपणाचा प्रश्न

एका भूभागाचे हित एकाहून अधिक शासनांवर अवलंबून असणे म्हणजे काय, हे गोंदियातील वाचकास विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. बाघ प्रकल्पाचे पाणी महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही दोन राज्ये वाटून घेतात. द्वीपप्रदेशांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण तेथे परस्परांशी सहकार्य करणारी शासने पुष्कळदा हजारो मैल दूरच्या राजधान्यांत होती. अशा सहकार्याचा इतिहास प्रस्तुत लेखात व्याकरणातील एका साध्या प्रश्नाच्या आधारे पाहावयाचा आहे. करारात द्वीपवासी कर्ता आहे, की संप्रदान? म्हणजे तो स्वतः निर्णय करणारा आहे, की ज्याच्यासाठी इतरांनी निर्णय केला तो?

या सहकार्याला संस्थेचे रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आले. १९४२ साली ब्रिटन व अमेरिका यांनी कॅरिबियन प्रदेशासाठी संयुक्त आयोग स्थापन केला. १९४६ साली फ्रान्स व नेदरलँड्स हेही त्यात आले. पुढे ६ फेब्रुवारी १९४७ रोजी कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स व अमेरिका यांनी दक्षिण पॅसिफिक आयोगाचा करार केला. आरोग्य, शेती, मासेमारी, शिक्षण यांविषयी संशोधन करून सल्ला देणे हे आयोगाचे काम. राजकीय प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले. सहाही सह्या दूरस्थ शासनांच्या होत्या. द्वीपवासीयांच्या प्रतिनिधींची पहिली परिषद १९५० साली सुवा येथे भरली. परंतु तिला सल्ल्यापलीकडे अधिकार नव्हता. १९६२ साली स्वतंत्र झालेला पश्चिम सामोआ १९६५ साली आयोगाचा सदस्य झाला. सर्व द्वीपप्रदेशांना समान मताधिकार मिळाला तो १९८३ साली. संप्रदानाचा कर्ता होण्यास छत्तीस वर्षे लागली.

मराठी अभ्यासकास अधिक जवळचे उदाहरण हिंदी महासागरातील होय. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जे भारतीय करारबद्ध मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील लोकही होते. त्यांच्या वंशजांच्या नित्य व्यवहारात आज क्रिओल भाषा असली, तरी तेथील शाळांत मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला. डिसेंबर १९८२ मध्ये मॉरिशस, मादागास्कर व सेशेल्स यांनी पोर्ट लुईस येथे सहकार्याची घोषणा केली. जानेवारी १९८४ मध्ये व्हिक्टोरिया येथील कराराने हिंदी महासागर आयोगास विधिवत रूप आले. चक्रीवादळ, सागरी प्रदूषण व चोरटी मासेमारी ही संकटे एका बेटाच्या हद्दीत थांबत नाहीत, हे या सहकार्याचे व्यावहारिक कारण होय. कॅनबेराशी तुलना करता भेद स्पष्ट दिसतो. येथे प्रथमपासूनच सह्या द्वीपवासीयांच्या स्वतःच्या शासनांच्या आहेत.

तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही. १९८६ साली कोमोरोसबरोबर फ्रान्सही या आयोगात आला, तो रेयुनिओं बेटाच्या वतीने. बेटाचे आसन आजही फ्रान्सच्या नावे आहे. चागोस द्वीपसमूहाची कथा याहून कठोर आहे. १९६५ साली ब्रिटनने तो मॉरिशसपासून वेगळा केला आणि दिएगो गार्सिया येथे अमेरिकी लष्करी तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना बाहेर काढले. दोन शासनांचे सहकार्य येथेही होतेच. ज्यांची घरे गेली त्यांची संमती मात्र कोणी घेतली नाही. मॉरिशसचे निर्वसाहतीकरण विधिपूर्वक पूर्ण झाले नव्हते, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिले. तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

यावरून असे म्हणावे लागते की, ‘सहकार्य’ हा शब्द स्वभावतः शुभ नाही आणि ‘कल्याण’ हाही नाही. कॅनबेरा करारातील आरोग्य व शेतीविषयक हेतू खोटे होते असे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या हिताचा विचार होतो त्यास नकार देण्याचा अधिकार नसेल, तर ते हित दुसऱ्याच्या सोयीवर टिकते. म्हणून असे दस्तऐवज अभ्यासताना विद्यार्थ्याने उद्दिष्टांच्या यादीआधी सह्यांची यादी वाचावी. वाक्यातील कर्ता कोण, हे तेथे कळते.