टायर गरम केल्याने पकड वाढते का? ड्रॅग रेसमधला ‘बर्नआउट’ आणि रोजच्या गाडीचे टायर

कोरगाव (पेडणे) : मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्यातल्या गाडीवाल्यांना रुंद, सरळ रस्त्यांची सवय झाली. एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला गटार अशा रस्त्यावर गाडी शिकलेल्या पोरांना महामार्ग ६६ आणि विमानतळाचा जोडरस्ता म्हणजे धावपट्टीच वाटते. त्यात मोबाईलवर ड्रॅग रेसचे व्हिडिओ. रेस सुटण्याआधी गाडी जागच्या जागी चाके फिरवते, पांढरा धूर निघतो आणि मग गाडी सुटते. हा धूर कशासाठी, आणि आपल्या साध्या टायरने तसे केले तर फायदा होतो का, हा प्रश्न कोरगावात विचारला जातो तसा बांदा-सावंतवाडीतही विचारला जातो.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. अमेरिकेत या खेळाची संघटना, एनएचआरए, १९५१ साली उभी राहिली. तिथल्या सर्वात वेगवान वर्गाचे अंतर २००८ मध्ये एका जीवघेण्या अपघातानंतर १,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरवर आणले गेले. भारतात हा खेळ फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या नियमांखाली चालतो. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथल्या ट्रॅकवर अशा शर्यती झाल्या आहेत.

रेसचा निकाल बऱ्याचदा पहिल्या १८-२० मीटरमध्येच लागतो. इंजिनात कितीही ताकद असू दे, चाक जागेवर फिरत राहिले तर ती वाया जाते.

रबर गरम झाले की काय होते?

रबर थंड असताना कडक असते. गरम झाले की मऊ पडते, डांबराच्या बारीक खाचांत शिरते आणि चिकटते. रेससाठी ‘स्लिक’ नावाचे टायर असतात. त्यांना नक्षी नसते, रबर अगदी मऊ असते. हे टायर थंड असताना नीट पकडत नाहीत, म्हणून त्यांना आधी तापवावेच लागते. ट्रॅकवर सुरुवातीच्या रेषेमागे थोडे पाणी टाकलेले असते. चाक त्या ओल्यात सहज फिरू लागते, मग कोरड्यावर येऊन धूर काढते. जुने, वाळलेले रबर निघून जाते, खालचे ताजे रबर वर येते. शिवाय ट्रॅकवरच चिकट द्रव्य फवारलेले असते, ते टायरला लागते.

आपल्या गाडीचे टायर वेगळ्या हिशेबाने बनवलेले असतात. ते हजारो किलोमीटर टिकावेत, पावसात चालावेत, सकाळच्या गारव्यातही पकडावेत, म्हणून त्यांचे रबर कडक ठेवलेले असते. अशा टायरला जास्त तापवले तर उलटे होते. रबराचा वरचा थर तेलकट, गुळगुळीत होतो आणि गाडी सुटताना चाक आणखी घसरते. म्हणजे मोबाईलवर दिसतो तेवढा धूर काढणारा आपलाच वेळ घालवतो, आणि टायरचे पैसेही.

मग साध्या टायरला काय उपयोगी पडते? दोन-तीन सेकंद चाक फिरवणे, बस्स. त्यातही मुख्य फायदा गरम होण्याचा नाही, साफ होण्याचा आहे. आपल्याकडे हे विशेष लागू पडते. चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेली तांबडी माती, डिचोली-साखळीकडची खनिजाची धूळ, रस्त्याकडेची खडी, हे सगळे टायरच्या नक्षीत बसते. ते झटकले गेले की खरे रबर डांबराला लागते.

ट्रॅकवर पाण्याचा भाग आला की साध्या टायरच्या गाडीने तो टाळून बाजूने पुढे जावे. नक्षीत पाणी भरते, मडगार्डमधून थेंब गळतात आणि आपल्याच चाकाखालची रेषा ओली होते. नवखे हटकून इथेच चुकतात.

फॉर्म्युला वनच्या गाड्या नागमोडी जाऊन टायर तापवताना दिसतात, त्याची नक्कल रस्त्यावर करण्यात अर्थ नाही. कमी वेगात त्याने फारशी उष्णता तयार होत नाही. टायर खरा गरम होतो तो चालवून. वाकण्या-दबण्याने टायर आतूनच तापतो. दहा-पंधरा मिनिटे नेहमीसारखी गाडी चालवली तरी पुरे. बर्नआउटची उष्णता फक्त वरच्या थरात असते आणि पटकन उतरते. त्यामुळे ती केल्यावर पाच मिनिटे गप्पा मारत थांबले तर केलेले फुकट.

गाडी कोणत्या चाकांवर चालते, यावरही बरेच अवलंबून आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात. गाडी जोरात सुटली की वजन मागे जाते आणि पुढची चाके हलकी होऊन घसरतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला याच वजनाचा फायदा मिळतो. बाईकचेही तसेच, पण तिथे पुढचे चाक उचलण्याचा धोका असतो. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीने बर्नआउट करूच नये, सगळा ताण गिअरबॉक्स आणि क्लचवर येतो.

हवेचा हिशेब

टायर साधारण ५-६ अंश सेल्सिअसने तापला की हवा सुमारे एक पीएसआयने वाढते. सकाळी थंड टायरमध्ये मोजलेली हवा आणि दुपारी तापलेल्या डांबरावरची हवा यात म्हणूनच फरक दिसतो. ट्रॅकवर चालक चाकांतली हवा थोडी कमी करतात, म्हणजे टायर जास्त पसरून बसतो. एकदम खूप काढली तर टायरची कड रिंगवरून सुटू शकते. कमी हवेने वेगात चालवलेला टायर आतून तापून फुटू शकतो.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात, तेही बघून ठेवावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो, त्याला कितीही तापवा. कुणी टायरला पेट्रोल किंवा रॉकेल पुसून पकड वाढवायला बघतात. त्याने रबर खराब होते, आणि घर्षणाने तापलेल्या चाकाजवळ पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

जूनपासून हा सगळा विषयच बंद. ओला रस्ता टायरला लगेच थंड करतो. पहिल्या पावसात तर डांबरावरची धूळ आणि तेल वर येऊन रस्ता निसरडा होतो.

रस्त्यावर केले तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गात गेले काय किंवा बेळगावात गेले काय, सुटका नाही. चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर कलम १९९अ लागते. पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

विम्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात. गाडी ठोकली गेली तर दुरुस्तीचा खर्च घरातून जाऊ शकतो, आणि कर्जावर गाडी असेल तर हप्ते चालूच राहतात. परवानगीच्या ट्रॅकवर उतरणाऱ्यानेही आपली पॉलिसी आधी वाचून घ्यावी.

ट्रॅकवरून परतताना टायरला चीर, फुगवटा, एका जागी झिजून आलेला सपाटपणा आहे का बघावे. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर कारला तो टायर कायद्यानेही चालत नाही. आणि काढलेली हवा, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी, घरी निघण्याआधी टायर थंड झाल्यावर परत भरून घ्यावी.