मद्यविमुखता चिकित्सा

मद्यविमुखता चिकित्सा : मद्यपानाची अप्रिय शारीरिक अनुभवाशी सांगड घालून किंवा अशा अनुभवाचा धाक निर्माण करून मद्यासक्त व्यक्तीस मद्यापासून परावृत्त करणारी औषधोपचार पद्धती. प्रारंभी तिचा आधार अभिसंधान (दोन उद्दीपकांच्या वारंवार साहचर्याने एकाची प्रतिक्रिया दुसऱ्यास जडणे) हा होता. अमेरिकेत सिॲटल येथे १९३५ पासून रुग्णास एमेटीन हे वांतिकारक औषध देऊन, मळमळ सुरू होण्याच्या बेतात मद्य पाजीत. मद्याच्या वासानेच ओकारी यावी, हा हेतू. उपचार क्लेशकारक होता. शिवाय एमेटिनाचा हृदयावर विषारी परिणाम होतो.

डायसल्फिरामामुळे चिकित्सेचे स्वरूपच पालटले. रबराच्या व्हल्कनीकरणाचा वेग वाढविण्यासाठी वापरण्यात येणारे हे संयुग. त्याच्या वर्गातील संयुगे हाताळणाऱ्या कामगारांना मद्य सोसत नाही, हे ई. ई. विल्यम्स या अमेरिकी कारखाना-वैद्यांनी १९३७ मध्येच नोंदविले होते आणि मद्यासक्तीवर हाच उपाय ठरेल काय, असा प्रश्नही केला होता. परंतु त्याचा पाठपुरावा झाला नाही. पुढे कोपनहेगन येथे येन्स हाल्ड व एरिक याकोपसन हे जंतांवरील औषध म्हणून डायसल्फिरामाचा अभ्यास करीत असता त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले. त्यानंतर मद्य घेताच दोघांनाही अस्वस्थ वाटले. त्यांनी ऑलुफ मार्टेन्सेन-लार्सेन यांच्यासह १९४८ मध्ये या गुणधर्माचा उपचारातील उपयोग जाहीर केला.

यकृतात अल्कोहॉलापासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते. त्याचे विघटन करणारे एंझाइम डायसल्फिरामामुळे निष्क्रिय बनते व ॲसिटाल्डिहाइड साचून चेहरा लाल होणे, धडधड, डोकेदुखी, वांत्या, रक्तदाब उतरणे ही लक्षणे उद्‌भवतात. आरंभी मोठ्या मात्रा देऊन रुग्णालयात मुद्दाम मद्य पाजून ही प्रतिक्रिया दाखवीत. काही रुग्ण दगावल्यावर ही प्रथा मागे पडली व मात्रा दररोज सु. २५० मिग्रॅ. वर आली. म्हणजे शिक्षेची जागा भीतीने घेतली. मात्र गोळी घेणे सोडले की भीतीही सरते. अमेरिकेतील ६०५ पुरुषांवरील चाचणीत (१९८६) संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत औषधाने लक्षणीय फरक पडला नाही. कुटुंबीय वा परिचारक यांच्या देखत गोळी घेतल्यास अधिक लाभ होतो, असे आढळते.

रुग्णाच्या नकळत अन्नातून हे औषध देण्याचा मोह घरच्यांना होतो. तथापि धाक वाटण्यासाठी रुग्णास त्याची जाणीव असावीच लागते. अजाणता मद्य घेतल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. औषध थांबविल्यावरही सु. दोन आठवडे प्रतिक्रिया संभवते. त्यामुळे तेवढ्या काळात मद्यार्कयुक्त खोकल्याचे औषधही वर्ज्य असते.